चार लोकांसमोर

मागच्या महिन्यात दोघेजण माझ्या घरी आले. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेतलं माझं घर सापडायला किती त्रास झाला, हे ते चपला काढताकाढताच सांगायला लागले. माहेरच्या गावचे होते, म्हणजे दुसऱ्या, रेल्वेच्या सिंदीचे. तिथल्या मोक्षधामात नवीन शेड उभं झालंय, कमानीवर माझ्या बाबांचं नाव टाकायचं ठरलंय आणि फीत कापायला मी यावं, एवढं त्यांचं काम होतं. एकानं मोबाईलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. बाबांचा जुना काळापांढरा फोटो कोणीतरी रंगवला होता आणि ओठ असे लालभडक केले होते की पाहणाऱ्याला वाटावं, पानाचा तोबरा भरून बसलेत. बाबांनी जन्मात पान खाल्लं नाही. फोटोखाली लिहिलं होतं, थोर समाजसुधारक, स्त्रियांच्या सन्मानासाठी झटणारे.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"कमेटीनं जी. काऊन, काई कमी पडलं का?"

कमी! तेवढ्यात गॅसवरचा चहा उतू गेला म्हणून मी आत पळाले, नाहीतर काय बोलून बसले असते देव जाणे. बाहेर येऊन कप त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, येते.

बाबांना गाव काकाजी म्हणायचं. लहान-मोठं, बाई-माणूस, सगळ्यांचेच काकाजी. बाजारओळीत आमचं कापडाचं दुकान होतं आणि नाल्यापलीकडे शेती. पण काकाजींचा मान दुकानामुळे नव्हता आणि शेतीमुळेही नव्हता. तो होता मयतीमुळे. गावात कोणी गेलं की पहिला माणूस आमच्या दारात यायचा. बाबा जेवत असले तर ताटावरून उठायचे. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर पांढऱ्या कापडाचं एक ठाण वेगळं ठेवलेलं असायचं, त्याला आम्ही हात लावायचा नाही. त्यातून कफनाचं कापड फाडून, काखेत मारून बाबा निघायचे. बांबू कुठून आणायचे, तिरडीच्या गाठी कशा मारायच्या, लाकडं कशी रचायची, पावसात ती पेटवायची कशी, सगळं त्यांना ठाऊक. जात पाहायचे नाहीत, घर पाहायचे नाहीत, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

आग दिली की आमच्याकडे घाटावरच शोकसभा होते. चिता पेटलेली, लोक दगडांवर, झाडाखाली बसलेले, आणि दोघं-चौघं उठून मेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. पहिलं बोलायचे बाबा. त्यांच्या भाषणात सगळे मनमिळाऊ असायचे. बायकोला दारू पिऊन झोडपणाराही मनमिळाऊ, सख्ख्या भावाचा बांध कोरणाराही मनमिळाऊ. बाबा घाटावरून यायचे तेव्हा माय अंगणात पाणी तापवून तयार असायची. पाठीवर तांब्या ओतताना विचारायची, "आज कोन मनमिळाऊ झाला?" बाबा हसायचे नाहीत. पण रागवायचेही नाहीत.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक टेलर बसायचे. गिऱ्हाइकानं कापड आत घ्यायचं आणि शिवायला बाहेर टाकायचं, अशी सोय होती. बायको लवकर गेलेली. एकच पोरगी, माझ्याहून थोडी मोठी, ती शाळा सुटली की ओट्यावर बसून काज-बटण करायची. मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. सुईत दोरा ओवायचा मान ती मला द्यायची आणि गाठ नीट पडली नाही तर डोक्यात टपली मारायची.

ते टेलर एका सकाळी मशीनवर बसल्याबसल्याच गेले. भाऊबंद कोणी नाही, पोरगा नाही. तिरडी आमच्या ओट्यासमोरच बांधली गेली. सगळं झालं, आणि बाबा विस्तवाचं मडकं कोणाच्या हातात द्यायचं म्हणून इकडेतिकडे पाहतात, तर त्या पोरीनं ते उचललेलंच. दोरीला धरून, हात लांब करून, तिरडीच्या पुढं जाऊन उभी. रडत नव्हती. ओढणी कमरेला खोचून अशी उभी होती की बाजाराला निघालीय वाटावं.

लोकांत कुजबुज झाली. बाबा तिच्यापाशी गेले. मी दुकानाच्या पायरीवर होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाई, हे तुह्यं काम नोहे."

"मंग कोनाचं हाये, काकाजी? माह्याशिवाय कोन हाये त्याइले?"

"मी हाओ ना," बाबा म्हणाले, आणि मडकं तिच्या हातातून काढून घेतलं. हिसकलं नाही. फार मायेनं घेतलं, एक-एक बोट सोडवून. मग स्वतः पुढं झाले. जातीचे नाहीत, रक्ताचे नाहीत, तरी पोटच्या पोरासारखी टेलरला आग दिली काकाजींनी! गावभर झालं. पार सेलूच्या बाजारापर्यंत लोक सांगायचे म्हणे. त्या दिवसापासून काकाजींचा मान दुप्पट झाला. शाळेत बाईंनी मला उभं करून सगळ्यांना सांगितलं की ही त्यांची मुलगी. माझी छाती फुगली होती, का नाही फुगणार? पोरगी विसाव्यापर्यंत गेली, जिथं खांदेकरी तिरडी टेकवतात आणि बाया मागं फिरतात, आणि तिथून परत आली. दुसऱ्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन घरी गेली. पुन्हा आमच्या ओट्यावर बसली नाही. गाव म्हणालं, पोरगी मोठी आखडू.

आता पुढचं. मीही बाबांची एकटीच. पाठीवर भाऊ नाही. तेव्हा ते कोणाच्या लक्षात नव्हतं, बाबांच्याही नाही.

माझं लग्न झालं, वर्ध्याला शाळेत नोकरी लागली, आणि काही वर्षांनी बाबांच्या पोटात दुखायला लागलं. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरीच ठेवा, जे खावंसं वाटेल ते द्या. दर शनिवारी मी गाडीनं माहेरी जायचे. हिवाळा होता, कापसाच्या गाड्या स्टेशनरोडवर लागलेल्या. मागच्या अंगणात उन्हात बाबांची खाट टाकलेली असायची. एका रविवारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते, माय सांडग्यांना ऊन दाखवत होती. बाबा एकदम म्हणाले, "मले आग तू देजो."

मी तेलाचा हात तसाच धरून बसले. मायही थांबली.

"थो येईन नागपूरवरून," बाबा म्हणाले. तो म्हणजे माझा चुलतभाऊ. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणावरून त्यानं बाबांशी बोलणं टाकलं होतं. माझ्या लग्नालाही आला नव्हता. "त्याच्या हातची मले नाई पायजे. तू देजो."

"लोक देऊ देतील, बाबा?"

"लोकाइले मी सांगतो."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखानं नाही आलं. मला वाटलं, ज्या माणसाचा शब्द अख्खं गाव खाली पडू देत नाही, तो माणूस माझ्यासाठी आता चार लोकांत बोलणार. टेलरच्या पोरीची आठवण मला तेव्हा आली आणि वाटलं, तिचंही फिटेल. केवढा आनंद झाला होता मला, बापाच्या मरणाच्या खाटेपाशी बसून!

पुढच्या शनिवारी विचारलं, "सांगितलं का?"

"सांगतो ना."

त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. लोक तर रोज यायचे. संध्याकाळी अंगणात सतरंजी पडायची आणि गावातली सगळी जुनी खोडं येऊन बसायची. अडत्या, पोलीस पाटील, शाळेचे जुने हेडमास्तर. कापसाचे भाव, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, पंप कोणाचा जळला. बाबा सगळ्यांत बोलायचे. ते सोडून सगळं बोलायचे.

मग एका संध्याकाळी ते आपसूकच निघालं. अडत्याच म्हणाला, "काकाजी, वाईट नका मानू, पन नागपूरवाल्या पोराले कळवून ठेवाव का? येनारी गाडी कई येते कई नाई." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माय माझ्या मागं. मायनं मुद्दाम खोकलून दाखवलं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं, ती वेळ हीच होती. तोंड उघडलंही त्यांनी.

"चहा आन वं पोरी," ते म्हणाले.

मी चहा आणला. सगळ्यांना दिला. काय करणार होते दुसरं? कपबशा सतरंजीवर आपटून ओरडायला पाहिजे होतं असं आज वाटतं, पण तेव्हा माझा बाप मरायला टेकला होता आणि त्याच्या तोंडातला शब्द मी कसा काढणार? लोक गेल्यावर मायनं कपबशा उचलता उचलता म्हटलं, "आयुष्यभर मेलेल्याइसाठी बोलले. जित्या पोरीसाठी तोंड उचलत नाई यांचं." बाबांनी भिंतीकडे तोंड करून घेतलं.

ते गेले मध्यरात्र उलटून गेल्यावर. उजाडेपर्यंत अंगण भरलं. आणि मग जी फजिती झाली ती मी विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. तिरडी कोणालाच बांधता येईना! सगळ्यांचं आयुष्य काकाजींच्या मागं उभं राहून गेलेलं. बांबू आखूड आले, मग लांब आले, गाठ सुटली, एकानं दुसऱ्याला शिवी दिली. "काकाजी असते तं," जो तो म्हणायचा. वरच्या फळीवरचं ठाण मीच स्टुलावर चढून काढलं. आणि तिरडी कशीबशी बांधून झाल्यावर अंगणातलं मडकंही मीच उचललं.

अडत्या समोर आला. हात जोडून आला, चांगला माणूस होता.

"बाई, हे तुह्यं काम नोहे."

शब्दाला शब्द तोच. त्याला आठवत तरी होतं का, की माझ्या बाबांचंच वाक्य आपण त्यांच्याच अंगणात बोलतोय? आठवतच असणार. म्हणून तर इतक्या मानानं बोलला.

"बाबांनीच मला सांगितलंय," मी म्हटलं.

"कोनाच्या समोर?"

"माय होती."

"माह्यासमोर म्हटलं त्याइनं," माय आतून ओरडली, "माह्या कानानं ऐकलं म्या."

अडत्यानं मागं वळून लोकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मायबाई दुखात हायेत. पन काकाजींची रीत आपुन सारे जानतो. त्याइनं सोता उभं राहून टेलरच्या पोरीले समजावलं होतं. आज त्याइच्याच मयतीत त्याइचा शब्द मोडाचा का?"

माझा नवरा गर्दीत उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं चपलेकडे पाहिलं. रात्री म्हणाला, "मी काय बोलणार, मी तर जावई." अडत्यानं माझ्या हातातून मडकं घेतलं. त्यानंही मायेनंच घेतलं, एक-एक बोट सोडवून. मग नागपूरच्या गाडीची वाट पाहत बाबांना दुपारपर्यंत तिथंच ठेवलं. माश्या बसत होत्या. माय पदरानं वारा घालत राहिली.

तो आला. रडला नाही, त्याचं मला काही नाही. पण मडकं धरून चालता चालता तो मनगटावरचं घड्याळ पाहत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी विसाव्यापर्यंत गेले. तिरडी टेकवली, दिशा फिरवली, खांदेकरी बदलले, आणि बायांना मागं फिरा म्हटलं. मी तिथल्या दगडापाशी उभी राहिले तर कोणीतरी दंडाला धरून फिरवलं. घरी येऊन गच्चीवर चढले तेव्हा नाल्याकडे धूर निघालेला होता. शोकसभेत म्हणे सगळे ढसाढसा रडले. काकाजींनी शेवटपर्यंत रीत सोडली नाही, असं हेडमास्तर बोलले. तेरवीला पगडी नागपूरवाल्याच्याच डोक्यावर बांधली आणि तो पुन्हा गावात दिसला नाही.

आता काळ बदलला म्हणतात, आणि बदललाच आहे. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या मुलीनं इथं वर्ध्यात आग दिली. कोणी हूं की चूं केलं नाही. एका पोरानं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. इतकं सोपं होतं ते? मी तिथं उभी राहून नवऱ्यासाठी रडत होते की संतापानं रडत होते, माझं मलाच समजत नव्हतं.

शेडच्या उद्घाटनाला मी सकाळीच निघाले. गावात उतरल्यावर मोक्षधामाकडे गेले नाही, आधी टेलरच्या मुलीकडे गेले. ती अजून तिथंच आहे. लग्न केलं नाही. अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवते, डोळ्याला जाड चष्मा. मला पाहून म्हणाली, "ये वं समाजसुधारकाची पोरगी." फ्लेक्स तिच्याच दारासमोरच्या खांबाला बांधला होता.

मी तिला सगळं सांगितलं. बाबा मला काय म्हणाले होते, आणि चहा आण म्हणाले ते. इतक्या वर्षांत आम्ही दोघी यावर एक शब्द बोललो नव्हतो. तिनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं.

"माह्याकडे आलते काकाजी," ती म्हणाली.

"कधी?"

"खाटेवर पडाच्या आधी. भर दुपारी, बाजार झोपला होता तवा. दारातच उभे राह्यले. म्हने, पोरी, त्या दिवशी मी चुकलो."

मी खाली बसले, कापडाच्या चिंध्यांवर. "मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, काकाजी, चार लोकाइच्या समोर घेतलं तुमी, आता एकट्यात वापस कराले आले का? घाटावर म्हना हे. पुढच्या मातीत, शोकसभेत उभे राहून म्हना."

"मग?"

"मंग काय. 'सांगतो' म्हने. पानी पेले अन् गेले."

सांगतो! तोच शब्द. मला बापाची दया यायला पाहिजे होती का? नाही आली. वाटलं, ज्या माणसानं कोणाच्या मयतीला ऊन-पाऊस पाहिला नाही, गावात साथ आली तेव्हा प्रेतं उचलली, त्याला एवढं एक वाक्य जड झालं? चूक त्याला कळली होती, हेच मला सोसेना. कळलीच नसती तर मी माफ केलं असतं.

"चल माझ्यासोबत," मी म्हटलं. ती नको नको म्हणत होती, तरी चष्मा पुसून निघाली.

मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. आम्हा दोघींना पहिल्या रांगेत बसवलं. कमेटीच्या अध्यक्षांनी बाबांच्या गुणांचा पाढा वाचला आणि टेलरचा किस्साही सांगितला, की काकाजींनी एका अनाथ मुलीला कसा आधार दिला. अनाथ मुलगी माझ्या शेजारी बसून नखं पाहत होती. मग मला बोलावलं.

मी बोलले. काहीएक लपवलं नाही. म्हटलं, माझ्या बापानं या बाईच्या हातातून तिच्या बापाची आग काढून घेतली. पुढं त्यांना ते चुकलं असं वाटलं, तर ते हिच्या दारात एकट्यानं येऊन बोलले आणि मला घरात बोलले, पण तुमच्यासमोर बोलायची त्यांची छाती झाली नाही. त्यांना माझ्या हातची आग हवी होती आणि तुम्ही ती त्यांच्याच शब्दावर बोट ठेवून नाकारली. फीत कापायची असेल तर ही कापेल. मी नाही.

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, भांडेल, निदान खाली मान घालेल. अध्यक्षांनी माईक हातात घेतला. डोळे पुसले त्यांनी, खरंच पुसले. म्हणाले, "आपली चूक कबूल कराले किती मोठं मन लागते, थे आज ताईनं आपल्याले सांगतलं. असे होते आपले काकाजी!" आणि टाळ्या! अशा टाळ्या पडल्या की मांडवावरची कबुतरं उडाली. मागून कोणीतरी म्हणालं, "शेवटी लेक कोनाची हाये!"

कात्री ताटात घालून टेलरच्या मुलीसमोर आणली. तिनं ताट बाजूला सारलं. "माह्या बापाची आग त्या रिबिनीत हाये का?" तिनं विचारलं. ताट धरणाऱ्या पोरीला काही समजलं नाही, ती तशीच पुढं गेली, आणि अध्यक्षांनीच फीत कापली.

मग लाऊडस्पीकरवरून सांगितलं की काकाजींच्या स्मृतीस वंदन करण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. मी उठले नाही. ती पण उठली नाही. आम्ही दोघी तेवढ्या बसलेल्या, सगळ्या मांडवात. छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता वाकून हळूच म्हणाला, "बसा बसा मावशी, गुडघे दुखत असन तुमचे."

"गुडघे ठणठणीत आहेत आमचे," मी म्हटलं. त्या शांततेत ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.